होडीला ट्रोलिंग मोटर बसवताना: पावणेदोन व्होल्टचा शोध

आमची होडी बारा फुटी, फायबरची, सपाट बुडाची. बरीच वर्षं ती वल्ह्यांवरच चालली. वल्हवायला मला आजही आवडतं, पण दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा धरला आणि तेव्हापासून परतताना वारा समोरून आला की अगदी जीव जातो. धाकट्या भावाने पेट्रोल इंजिनाचं सुचवलं होतं. मला ते नको होतं. होडीत बसायचं ते शांततेसाठी. तिथे इंजिनाची धडधड आणि पाण्यावर तेलाचा तवंग मला सहन होणार नव्हता. शिवाय कितीतरी तलावांवर पेट्रोल इंजिनाला परवानगीच नसते. म्हणून इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर घ्यायचं ठरलं आणि ती आम्ही दोघांनी मिळून बसवली. एका रविवारचं काम वाटलं होतं, प्रत्यक्षात दीड महिना गेला. मोटर होडीला लावायला त्यातली दहा मिनिटं पुरली. बाकीचा सगळा वेळ लाकूड, वजन आणि वायर यांत गेला. त्यातही वायरीने जे शिकवलं ते मला आधी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून हे लिहितेय.

ट्रोलिंग म्हणजे गळ पाण्यात सोडून होडी अगदी सावकाश नेत मासा पकडणं. त्यासाठी ही मोटर निघाली, त्यामुळे तिचा स्वभावही तसाच आहे: आवाज जवळजवळ नाही, वेग कमी, जोर बऱ्यापैकी. तिची ताकद हॉर्सपॉवरमध्ये न सांगता थ्रस्टच्या पौंडांत सांगतात, म्हणजे पंखा पाण्याला किती जोराने मागे लोटतो ते. ढोबळ हिशेब असा की भरलेल्या होडीच्या दर ४५ किलो वजनामागे निदान २ पौंड थ्रस्ट हवा. आमचं गणित सोपं होतं. होडी ७५ किलो, आम्ही दोघं मिळून १३५, शिशाची बॅटरी २८, मोटर दहाएक आणि वल्ही, नांगर, जॅकेटं धरून आणखी २०. एकूण पावणेतीनशेच्या आत. म्हणजे १२ पौंड पुरे. पण हा आकडा संथ पाण्याचा झाला. वारा सुटला की होडी पाण्यावरच्या पानासारखी वाहवत जाते, तेव्हा तिप्पट-चौपट जोर हाताशी असलेला बरा. आम्ही ५५ पौंडांची घेतली. १२ व्होल्टवर चालणाऱ्या मोटरींमध्ये साधारण हीच वरची मर्यादा असते, त्यापुढे २४ व्होल्ट लागतात, म्हणजे दोन बॅटऱ्या आल्या. आज पुन्हा घ्यायची झाली तर मी ४५ पौंडांवर थांबेन. ५५ पौंडांची मोटर पूर्ण जोरात ५० अँपिअर ओढते आणि हा ५० चा आकडा पुढे आम्हाला चांगलाच नडला.

दुसरा प्रश्न दांड्याच्या लांबीचा. पंख्याचं वरचं टोक पाण्याखाली २३ ते ३० सेंटिमीटर तरी असावं. त्याहून वर आलं तर पंखा वरची हवा खेचून घेतो, पाण्याला फेस येतो आणि जोर नुसता वाया जातो. मोजायचं ते फळीच्या वरच्या कडेपासून पाण्याच्या पातळीपर्यंत, आणि होडी पाण्यात असताना, माणसं व सामान आत असताना. रिकामी होडी जमिनीवर ठेवून घेतलेल्या मापाचा काही उपयोग नाही. आमच्या होडीत दोघं बसल्यावर हे अंतर २५ सेंटिमीटर भरलं, म्हणून ३० इंची दांडा बरोबर बसला.

मोटर पुढे लावायची की मागे, यावर आमची बरीच चर्चा झाली. पुढे लावली की ती होडीला ओढते, मागे लावली की ढकलते. हातगाडी ओढताना आपोआप सरळ येते आणि ढकलताना सारखी सांभाळावी लागते, तसंच हे आहे. बारीक वळणं घ्यायला, वाऱ्यात एका जागी थांबायला पुढची मोटर निःसंशय चांगली. पण तिला बसायला पुढे सपाट, भक्कम डेक लागतो आणि आमच्या होडीला तो नाही. मागच्या उभ्या फळीला, म्हणजे ट्रान्समला, शिकंजाने आवळायची मोटर घेतली तर एकही भोक न पाडता काम होतं. आम्ही मागेच लावायचं ठरवलं.

भोक पाडायचं नव्हतं, तरी जुनी भोकं समोर आलीच. शिकंजा आवळण्याआधी मी फळी वाजवून बघितली. फायबरच्या होडीत ही फळी बाहेरून फायबर दिसली तरी आत प्लायवूड असतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळीवर हळूहळू ठोकत गेलं की निरोगी लाकडाचा आवाज कडक, टणक येतो. डावीकडून ठोकत निघाले, टक, टक, टक, आणि उजव्या कोपऱ्याजवळ एकदम धप्प. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं. तिथे फार पूर्वी गळाच्या काठीचा स्टँड लावलेला होता. स्टँड काढून टाकला होता, पण त्याचे चार स्क्रू जिथे होते ती भोकं नुसत्या पुट्टीने बुजवलेली होती. पुट्टी सुटली, पाणी आत गेलं आणि लाकूड कुजायला लागलं. मोटरचा एक शिकंजा बरोबर त्याच जागी येणार होता.

हे काम आम्ही घाई न करता केलं आणि त्याचं मला समाधान आहे. भोकं आधी १२ मिलिमीटरपर्यंत मोठी केली. एक खिळा काटकोनात वाकवून ड्रिलच्या तोंडात धरला आणि भोकातून आत घालून फिरवला. वरच्या फायबरला धक्का न लावता आतलं कुजकं लाकूड तेवढं त्याने खरवडून निघतं. पहिल्यांदा निघाला तो काळा, ओला भुसा, चिमटीत दाबला तर पाणी यायचं. मग तपकिरी, मग पिवळसर कोरडा भुसा आला तेव्हा थांबलो. नशीब की कूज तीन-चार सेंटिमीटरच्या पलीकडे गेली नव्हती. ती पसरलेली असती तर आतला फायबर कापून सगळं प्लायवूड बदलावं लागलं असतं. नंतर दोन आठवडे होडी आडोशाला उलटी ठेवून ती जागा वाळू दिली. ओल्या लाकडावर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणारी राळ, धरत नाही, आणि वरून कोरडं वाटलं तरी आत ओल असू शकते. वाळल्यावर आधी पातळ इपॉक्सी ब्रशने आत माखली, म्हणजे लाकडाने ती पिऊन घ्यावी, आणि मग सिलिका पावडर मिसळून दाट केलेली इपॉक्सी दोन थरांत भरली. एका दमात जाड थर भरला तर इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच तापते, कधी कधी धूर निघण्याइतकी. दुसऱ्या दिवशी त्याच जागी ठोकलं तर आवाज बाकीच्या फळीहूनही कडक आला.

इपॉक्सी वाळायची वाट बघताना मी या मोटरींचा इतिहास वाचत होते. १८३८ साली मोरिट्झ याकोबी या शास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीवर बॅटरीची होडी चालवून दाखवली होती. १८८१ मध्ये गुस्ताव्ह त्रुवे याने पॅरिसच्या सीन नदीवर होडीला अडकवता येईल आणि काढून नेता येईल अशी इलेक्ट्रिक मोटर चालवली. आपण आज शिकंजाने लावतो त्या मोटरीची ती आजीच म्हणायची. खास ट्रोलिंगची मोटर आली १९३४ मध्ये, अमेरिकेतल्या फार्गो गावात. ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड मॉडेल ए गाडीचा स्टार्टर घेतला आणि त्याला दांडा व पंखा जोडला. मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटा या दोन राज्यांच्या सीमेवरचं गाव, म्हणून पुढे त्या मोटरीचं नाव ‘मिन कोटा’ पडलं. गाडीचा स्टार्टर ही गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. कमी व्होल्ट आणि भरपूर अँपिअर हे या यंत्राच्या रक्तातच आहे.

पहिल्या दिवशी सगळं साधंच ठेवलं. शिकंजाखाली दोन्ही बाजूंनी कडक रबराचे तुकडे घातले, म्हणजे फायबर चेपत नाही आणि पकडही सुटत नाही. मोटरच्या गळ्यात एक दोर बांधून तो होडीतल्या कडीला अडकवला. मोटर चालू असताना शिकंजाचे स्क्रू थरथरीने हळूहळू ढिले होतात, तेव्हा दहा मिनिटांनी ते पुन्हा आवळायचे आणि दोर मात्र कायम ठेवायचा. बॅटरी मोटरच्या शेजारीच, मागच्या बाकाखाली. मोटरला आलेली वायर जेमतेम तिथवर पोचत होती.

पाण्यात उतरल्याबरोबर कळलं की वजनाचा तोल बिघडलाय. मोटर मागे, बॅटरी मागे, चालवणारी मीही मागे. होडीची मागची बाजू खाली बसली आणि पुढची बाजू आभाळाकडे गेली. वर उचललेल्या त्या भागाला वारा लागायचा आणि होडी सरळ जाईचना. भावाला म्हटलं, तू पुढे जाऊन बस. तो पुढे सरकला तेव्हा होडी सपाट झाली, पण मागची बाजू वर आली आणि पंखा हवा ओढायला लागला. गुळण्या केल्यासारखा आवाज येतो, तो एकदा ऐकला की विसरत नाही. दांड्यावरची पकड ढिली करून पंखा आणखी दहा सेंटिमीटर खाली सोडला आणि तो आवाज थांबला. तरी मी एकटी गेले तर काय, हा प्रश्न होताच. यावर उपाय एकच: २८ किलोंची बॅटरी पुढे न्यायची.

आमची खरी चूक इथे झाली. बॅटरी पुढे न्यायची म्हणजे वायर तीन मीटर लांबवायची. घरात ६ स्क्वेअर एमएमची चांगली तांब्याची वायर होती. दिसायला जाडजूड. गीझर चालतो, पंप चालतो, मग १२ व्होल्टच्या मोटरला का नाही पुरणार, असं आम्ही धरून चाललो. मध्ये सोडवता-जोडता यावं म्हणून एक दोन पिनांचा प्लग लावला आणि बॅटरीच्या टोकांना वायरीचे लग (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या) पंखांच्या नटांनी, म्हणजे दोन कान असलेल्या नटांनी, हाताने आवळले. कोरड्या जमिनीवर क्षणभर फिरवून बघितलं, पंखा छान फिरला.

पाण्यावर वीस मिनिटं पूर्ण जोरात गेलो असू. होडी आता नीट सपाट होती आणि सरळ चालत होती. तेवढ्यात भाऊ म्हणाला, “ताई, कसला तरी वास येतोय.” प्लास्टिक गरम झाल्याचा गोडसर, घशात बसणारा वास. मी मोटर बंद केली. प्लगला हात लावला आणि झटकन काढला. एका पिनेभोवतीचं प्लास्टिक मऊ होऊन कलंडलं होतं. त्या दिवशी वल्हवत परत आलो. वल्ही नेहमी होडीत ठेवायची हा आमचा नियम तेव्हा उपयोगी पडला.

घरी येऊन नुसता मोठा प्लग लावला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मला नेमकं काय झालं ते कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी प्लग तेवढ्यापुरता साफ करून जोडला, होडी काठाला दोराने घट्ट बांधली, भावाने मोटर पूर्ण जोरात धरली आणि मी मल्टीमीटर घेऊन बसले. बॅटरीच्या टोकांवर १२.१ व्होल्ट. मोटर जिथे सुरू होते तिथे १०.३. वायरीला चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर ४५ अँपिअर. म्हणजे पावणेदोन व्होल्ट वाटेत कुठेतरी हरवत होते.

ते शोधायची रीत इतकी सोपी आहे की होडी असलेल्या प्रत्येकाने ती एकदा तरी करून बघावी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, मोटर जोरात चालू ठेवायची आणि दोन्ही टोकं एकाच वायरीच्या दोन बाजूंना लावायची. बॅटरीच्या धन आणि ऋण टोकांना नव्हे, एकाच तांब्याच्या अलीकडे आणि पलीकडे. जोड निर्दोष असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. जे काही दाखवतो तेवढे व्होल्ट त्या तुकड्यात जळताहेत. मोटर बंद असताना हीच तपासणी केली तर सगळीकडे शून्यच दिसतं, कारण प्रवाहच नसतो. कोरड्या जमिनीवर पंख्याला पाण्याचा भार नसल्याने प्रवाह अगदी थोडा होता, म्हणून त्या चाचणीतही आम्हाला काही कळलं नव्हतं.

नुसती वायर, जाऊन-येऊन सहा मीटर: पाऊण व्होल्ट. प्लगच्या दोन पिना मिळून: ०.७. बॅटरीवर हाताने आवळलेला नट: ०.३. बेरीज बरोबर पावणेदोन. वायरीचा आकडा कागदावरही जुळला. १ स्क्वेअर एमएमच्या एक मीटर तांब्याचा रोध ०.०१७ ओहम, त्या हिशेबाने ६ स्क्वेअर एमएमच्या सहा मीटरचाही तेवढाच, आणि गुणिले ४५ अँपिअर. प्लगचं गणित मात्र बघून अंगावर काटा आला. ०.७ व्होल्ट गुणिले ४५ अँपिअर म्हणजे ३० वॅटच्या वर. घरातला छोटा सोल्डरिंग आयर्न २५-३० वॅटचाच असतो. आम्ही प्लास्टिकच्या डबीत एक पेटता सोल्डरिंग आयर्न कोंडून वीस मिनिटं तलावावर फिरत होतो. प्लग काढून नीट बघितला तर त्याच्या अंगावर बारीक अक्षरात ३० अँपिअर लिहिलेलं होतं.

घरातल्या विजेवर वाढलेल्या आपल्या अंदाजांना इथे धोका होतो. २३० व्होल्टमधला पाऊण व्होल्ट गेला तर कोणाला पत्ताही लागत नाही. १२ व्होल्टमधले पावणेदोन गेले म्हणजे रुपयातले पंधरा पैसे गेले. आणि तेवढीच ६०० वॅट ताकद २३० व्होल्टवर न्यायला तीन अँपिअरसुद्धा लागत नाहीत, इथे पन्नास लागतात.

मग सगळी वायर नव्याने घातली. १६ स्क्वेअर एमएमची, बारीक तारांची लवचीक आणि कथिलाचा मुलामा दिलेली. उघडं तांबं ओलाव्यात हिरवं पडतं आणि तो हिरवेपणा वायरीच्या आवरणाखाली आतपर्यंत सरकत जातो. आमच्या जुन्या वायरीचं टोक सोललं तेव्हा दोन बोटं आतपर्यंत तांबं काळवंडलेलं होतं. लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घेतले, त्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळून बसणारी हीट-श्रिंक नळी चढवली. हातोडीने चेपलेला किंवा पकडीने दाबलेला लग पहिल्या दिवशी ठीक वाटतो, पण थरथरीने तो सैल होणारच. दोन पिनांचा प्लग गेला आणि १२० अँपिअरचा अँडरसन पद्धतीचा चपटा कनेक्टर आला. बॅटरीवर पंखांच्या नटांऐवजी स्टेनलेस स्टीलचे नट, पान्याने आवळलेले. होडीच्या विजेसाठी अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं जे मानक आहे, त्यात जाड वायरींना पंखांचे नट वापरू नयेत असं स्पष्ट म्हटलंय. त्यामागचं कारण आम्ही ०.३ व्होल्टच्या रूपात मोजून बसलो होतो.

पहिल्या खेपेला ब्रेकर, म्हणजे प्रवाह फार वाढला की तो आपोआप तोडणारा स्विच, लावलाच नव्हता, हे लिहिताना आजही पोटात खड्डा पडतो. मोटरमध्ये काही बिघडलं तर मोटर थांबेल एवढाच विचार केला होता. पण ब्रेकर लावायचा तो वायर वाचवायला. होडीच्या कडेला घासून वायरीचं आवरण फाटलं आणि धन-ऋण एकमेकांना टेकले, तर पूर्ण भरलेली बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि लालभडक वायर फायबरला लागून राहते. म्हणून तो बॅटरीच्या धन टोकाच्या जितका जवळ तितका चांगला. त्याच मानकात सर्वसाधारण मर्यादा ७ इंचांची दिली आहे. आम्ही ६० अँपिअरचा, डीसीसाठीच बनवलेला, पाण्यापासून बंदिस्त ब्रेकर बॅटरीच्या खोक्यावरच बसवला. त्याचं लाल बटण दाबलं की मोटरचा प्रवाह तुटतो, त्यामुळे काठाला आल्यावर पहिलं काम ते. पंख्याशेजारी पाण्यात माणूस उभा असताना चुकून मोटरची वेगाची मूठ फिरली तर काय होईल, याचा विचार नकोसा वाटतो.

बॅटरीचं खोकं पट्ट्याने तळाला बांधायचं तर तळाजवळ चार बोल्ट आले आणि इथे भोकं पाडण्यावाचून इलाज नव्हता. जुन्या स्टँडचा धडा ताजा होता. भोक हवं त्यापेक्षा मोठं पाडलं, इपॉक्सीने पूर्ण भरलं आणि ती वाळल्यावर तिच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडलं. म्हणजे पुढेमागे सील सुटलं तरी पाण्याची गाठ इपॉक्सीशी पडेल, लाकडाशी नाही. जागेवर आधी चिकटपट्टी लावायची आणि ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवायचं, म्हणजे वरचा चकचकीत थर तडकत नाही. खोक्याच्या झाकणाला वायुवीजनाच्या फटी आहेत, त्या बुजू द्यायच्या नाहीत. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा चार्जर बंद करून, झाकण उघडून, थोड्या वेळाने मगच जोडणी करायची.

पुन्हा काठाला बांधून तीच मोजणी केली. बॅटरीवर १२.०, मोटरवर ११.६, प्रवाह ४८ अँपिअर. पावणेदोनवरून ०.४ वर आलो होतो. अर्धा तास पूर्ण जोरात चालवून कनेक्टर हातात धरला, जेमतेम कोमट. त्या कोमट कनेक्टरने मला जितका आनंद दिला तितका वेगाने दिला नाही. वेग फोनच्या जीपीएसवर आधी ताशी ५ किलोमीटर होता, तो ५.३ झाला. एवढ्या खटाटोपानंतर इतकंच, असं भावाला वाटलं. पण पाण्यात वेग वाढवायला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट हवा तर ताकद आठपट. म्हणून वीस टक्के जास्त ताकदीचा वेगावर परिणाम सहा टक्केच दिसतो. फरक जाणवला तो समोरच्या वाऱ्यात. पूर्वी जिथे होडी अडून राहायची तिथे आता ती पुढे सरकते.

हाच घनाचा नियम उलट्या बाजूने वापरला की मोटरचं खरं रूप दिसतं. आमच्या मोटरची मूठ पायऱ्यांची नाही, सलग फिरणारी आहे. ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने प्रवाह तोडून-तोडून वेग कमी करते, त्यामुळे हळू चालवताना खरोखर वीज वाचते. पाच पायऱ्यांच्या जुन्या पद्धतीत खालच्या पायऱ्यांवर बरीच वीज कॉइल तापवण्यात जाते. मूठ मागे घेत ताशी ३.८ किलोमीटरवर आणली तेव्हा क्लॅम्प मीटरवर ४८ ऐवजी १८ अँपिअर दिसले. शिशाच्या बॅटरीवर लिहिलेले १०० अँपिअर-तास हे २० तास सावकाश वापरण्याचे असतात. जोरात उपसली तर ती त्याहून बरंच कमी देते, आणि तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्म्याखाली उतरवायची नाही. या सगळ्याचा परिणाम आमच्याकडे असा: पूर्ण जोरात चाळीसेक मिनिटं, म्हणजे साडेतीन किलोमीटर. हळू चालवली तर दोन तासांहून जास्त, म्हणजे आठ किलोमीटर. आता मी पूर्ण जोर फक्त वाऱ्यासाठी राखून ठेवते. थोडा वेळ विश्रांती दिल्यावर मीटरवर १२.२ व्होल्ट दिसले की बॅटरी निम्म्यावर आली असं समजायचं आणि परत फिरायचं.

लिथियमचा विचार मनात आहे. तेवढ्याच क्षमतेची लिथियम फॉस्फेट बॅटरी १२ किलोंच्या आसपास येते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. पण तिला तिचा चार्जर लागतो, आणि १६ किलो वजन पुढून कमी झालं की होडीचा तोल पुन्हा बसवावा लागेल. तेव्हा ते पुढच्या वर्षी.

गेल्या आठवड्यात पंखा पहिल्यांदाच सोडवला. आधी ब्रेकर बंद, बॅटरी सुटी. मागचा नट काढला, पंखा हलकेच बाहेर ओढला, त्यामागची आडवी पिन हातात आली. ही पिन मुद्दामच मऊ असते. पंखा दगडाला अडकला तर ती तुटते आणि मोटर वाचते, म्हणून एक जास्तीची पिन आणि नटाचा पाना होडीतच ठेवलाय. पिनेच्या मागे, दांडीभोवती, गळाची पारदर्शक दोरी गुंडाळलेली होती, सातआठ वेढे. आम्ही गळ टाकत नाही, म्हणजे कोणाची तरी पाण्यात तुटून राहिलेली. ती तशीच राहिली असती तर सीलमध्ये शिरली असती आणि मोटरमध्ये पाणी गेलं असतं. ब्लेड न लावता नखाने एकेक वेढा सोडवला, सील पुसून निरखलं, ते शाबूत होतं. भावाने पिन लावली, मी पंखा चढवला आणि नट आवळला.